तेरा वर्षांच्या क्वार्टरबॅकला कुठला ऑफेन्स द्यावा?

कोथरूड_ते_जर्सी

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे. ऑफेन्स म्हणजे बॉल आपल्याकडे असताना खेळायची पद्धत आणि क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकणारा किंवा बॉल धावपटूकडे देणारा. न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या आठवीच्या संघाचा मी तीन वर्षं सहायक कोच आहे. माझ्याकडे ऑफेन्सिव्ह लाइन असते, म्हणजे पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारे पाच जण; माझा मुलगाही तिथेच लेफ्ट गार्ड खेळतो. संघात २२ मुलं आहेत.

आमच्याकडे वर्षानुवर्षं विंग-टी चालतो. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: क्वार्टरबॅक सेंटरला (बॉल मागे देणाऱ्या मधल्या लाइनमनला) चिकटून उभा, मागे तीन धावपटू, दोन्ही गार्ड आपली जागा सोडून बाजूला पळत जाऊन ब्लॉक करणार आणि बॉल नक्की कोणाकडे आहे याचा समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. अख्ख्या सामन्यात पास सहा-सात. जुने मुख्य कोच या वर्षी थांबले. नव्या कोचनी मला विचारलंय की पुढच्या रविवारच्या बैठकीत ऑफेन्सचं काय ते सांग. निम्म्या पालकांना स्प्रेड हवाय, म्हणजे शॉटगन (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही पावलं मागे), चार रिसीव्हर (पास झेलणारे), टीव्हीवर दिसतं तसं.

यंदाचा क्वार्टरबॅक वेगळा मुलगा आहे. वय १३, हात लांब, ३५ यार्डांवर बॉल जराही न डगमगता जातो. पण परवा सरावात नीट बघितलं. बॉल हातात आला की त्याची नजर पहिल्या रिसीव्हरवर जी खिळते ती तिथून हलत नाही. आमचा कॉर्नर (रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू) त्याचे डोळे बघूनच धाव घेतो. तासाभरात तीन इंटरसेप्शन (बचावानं झेललेले पास), तिन्ही त्याच बाजूला. तिसऱ्यानंतर पोरगं बोललं नाही, नुसतं माउथगार्ड चावत उभं राहिलं. मला रात्री झोप लागली नाही.

सामने जिंकणं हवंच आहे. पण पुढच्या वर्षी हा हायस्कूलला जाईल तेव्हा त्याच्या गाठीशी काय असावं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विंग-टी ठेवावा की स्प्रेड आणावा?

लबकचा_वारा

स्प्रेड, आणि त्यातही एअर रेड. दुसरा विचारच करू नका.

लोकांना वाटतं की एवढे पास म्हणजे काहीतरी फार अवघड प्रकरण असणार. आहे बरोबर उलटं. हॅल मम्मी आणि माइक लीच यांनी १९८९ पासून आयोवा वेस्लियनसारख्या छोट्या कॉलेजात हे बसवलं. बीवाययू विद्यापीठात कोच लाव्हेल एडवर्ड्स पासिंगचा खेळ खेळायचे, त्यातून मूळ कल्पना उचलली आणि मग छाटत छाटत मोजके प्ले (ठरवलेले डाव) ठेवले. तेच रोज, शंभर वेळा. मेश घ्या. दोन रिसीव्हर दोन बाजूंनी निघून मधोमध एकमेकांना जवळजवळ घासून जातात. त्यांच्यामागचे बचावपटू एकमेकांत अडकतात आणि कुणीतरी मोकळा सापडतोच. १३ वर्षांच्या मुलाला हे अर्ध्या तासात कळतं. नीट जमायला वर्ष लागतं, पण तुमच्याकडे वर्ष आहे ना?

२२ ऑक्टोबर २०१६ ला मी टेक्सासमधल्या लबकच्या स्टेडियममध्ये होतो. ओक्लाहोमाविरुद्ध क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सनं ७३४ यार्ड पास केले आणि तरी त्याचं टेक्सास टेक ६६-५९ नं हरलं. घरी येताना गाडीत कुणी बोलत नव्हतं, पण आपण काय बघितलं ते सगळ्यांना कळलं होतं. तो ह्याच पद्धतीत घडलेला मुलगा.

मुळा_मुठा

हायस्कूलचा संघ काय खेळतो ते सांगा आधी. बाकी सगळं नंतर.

कोथरूड_ते_जर्सी

@मुळा_मुठा, शॉटगन, तीन रिसीव्हर आणि आरपीओ भरपूर. म्हणजे क्वार्टरबॅकनं एकाच बचावपटूवर, बहुतेक वेळा लाइनबॅकरवर, नजर ठेवायची. तो धावपटूच्या मागे गेला की पास, जागेवर थांबला की हँडऑफ, म्हणजे बॉल धावपटूच्या हातात.

पाचवा_लाइनमन

मी ओहायोत वाढलो, हायस्कूलला राइट टॅकल खेळलो. त्यामुळे लबकच्या दादांशी प्रेमानं भांडतो.

तुमचे सामने हायस्कूलच्या मैदानावर होत असणार. तिथले हॅश मार्क बघा, म्हणजे प्रत्येक डाव ज्यांच्या आत सुरू होतो त्या खुणांच्या दोन रांगा. मैदान १६० फूट रुंद आणि हायस्कूलचे हॅश त्याचे तीन सारखे भाग करतात, प्रत्येकी ५३ फूट ४ इंचांचे. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) दोन हॅशमधलं अंतर फक्त १८ फूट ६ इंच, त्यामुळे बॉल जवळजवळ मधूनच सुरू होतो. तुमच्याकडे डाव्या हॅशवरून उजवी कडा १०६ फुटांवर, म्हणजे ३५ यार्ड नुसते आडवे! तुमचा क्वार्टरबॅक पूर्ण ताकद लावून ३५ यार्ड टाकतो. टीव्हीवर बघून रुंद बाजूला आउट रूट (रिसीव्हरनं कडेकडे वळायची धाव) ठेवलात तर बॉल हवेत लोंबकळत राहणार आणि कॉर्नर तो घेऊन थेट एंड झोनमध्ये जाणार. मुलाला वाटेल आपलंच चुकलं. चूक ज्यानं तो प्ले ठेवला त्याची.

दुसरं, पास ब्लॉकिंग. आठवीतल्या पोरांना पुढे झेपावून धडक द्यायला दोन आठवड्यांत शिकवता येतं. मागे सरकत, गुडघे वाकवून, हात आत ठेवून समोरच्याला थोपवायला दोन वर्षं लागतात. चार रिसीव्हर बाहेर काढलेत की मदतीला कुणी उरत नाही. क्वार्टरबॅक डेव्हिड कार २००२ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला निवडला गेला, ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या संघात गेला आणि पहिल्याच वर्षी ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल हातात असतानाच पाडला गेला. तो विक्रम अजून उभा आहे. केलेब विल्यम्सला शिकागोत २०२४ मध्ये ६८ सॅक पडले. मोठी माणसं, पगारी लाइन, तरी ही अवस्था. सतत मार खाणारा मुलगा मैदान बघायचंच सोडतो, अंगावर येणाऱ्यालाच बघत बसतो. ती सवय मग सुटत नाही.

आधी ते पाच जण नीट उभे करा.

ब्रँडीवाइनकाठ

विल्मिंग्टन, डेलावेअरहून. विंग-टीचं नाव निघालं आणि मी गप्प बसणार? हे त्याचं घरच आहे. टबी रेमंड यांनी डेलावेअर विद्यापीठात कित्येक दशकं हाच खेळ खेळवला.

रिच गॅनन तिथलाच विंग-टी क्वार्टरबॅक. १९८७ मध्ये न्यू इंग्लंडनं त्याला चौथ्या फेरीत घेतलं, पण क्वार्टरबॅक म्हणून खेळवायची त्यांची तयारी नव्हती, दुसऱ्याच जागी वळवायचं होतं. तो अडून बसला. पुढे २००२ मध्ये ओकलंडकडून एमव्हीपी (वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, पासिंगच्या खेळात! म्हणून कुणी सांगितलं की विंग-टीत वाढलेला मुलगा पासर होत नाही, तर हे उदाहरण समोर ठेवा. फसवा हँडऑफ, पाठ फिरवून पुन्हा मैदान शोधणं, पळता पळता खांदे वळवून टाकणं, हे सगळं तिथे पक्कं होतं.

आणि वॅगल विसरू नका. बक स्वीपचा (एका बाजूनं धावायच्या डावाचा) आव आणायचा, सगळा बचाव तिकडे धावला की क्वार्टरबॅक उलट बाजूला बाहेर पडतो, दोन्ही गार्ड त्याच्यापुढे. फुलबॅक जवळ फ्लॅटमध्ये (कडेजवळच्या जागेत), टाइट एंड पलीकडून आडवा येतोय, स्प्लिट एंड लांब. झेलणारे तिघेही त्याच्या डोळ्यांसमोर, एकाच बाजूला. रविवारी टीव्हीवर जे बूटलेग दिसतात ना, त्याचं हे सख्खं भावंड.

स्वानंदी_फ्रीमाँट

विषय थोडा बाजूला नेते, रागावू नका. १३ व्या वर्षी टॅकल (अंगावर जाऊन पाडणं) हवंच का? माझी मुलगी फ्लॅग खेळते. कॅलिफोर्नियात मुलींचं फ्लॅग फुटबॉल २०२३ पासून हायस्कूलचा अधिकृत खेळ झालाय आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग आहे. पाच-पाच जण, कंबरेची पट्टी ओढली की खेळ थांबला. तिथेही क्वार्टरबॅकला बचाव वाचावाच लागतो, वेळेत टाकावाच लागतो. डोक्याला मार बसायची भीती मात्र खूप कमी. नजर तयार करायची तर ती तिथेही तयार होते.

कोथरूड_ते_जर्सी

@स्वानंदी_फ्रीमाँट, रागावेन कशाला. आमच्या घरात हा वाद दर ऑगस्टमध्ये होतो आणि बायकोचे मुद्दे तुमचेच असतात. वसंतात सगळ्या मुलांना फ्लॅगमध्ये घालायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. या मुलाच्या आईलाही सुचवतो. सरावात पूर्ण टॅकलचा वेळ मी गेल्याच वर्षी कमी करून घेतला.

कँडलस्टिकची_थंडी

मला अ‍ॅलेक्स स्मिथबद्दल सांगायचंय. मी २००४ पासून बे एरियात आहे, फोर्टीनाइनर्स आमच्या घरचा संघ आणि स्मिथ त्यांचा क्वार्टरबॅक. त्याचं सगळं डोळ्यांदेखत बघितलं.

२००५ च्या ड्राफ्टमधला पहिला. वय २०, युटात अर्बन मायरच्या स्प्रेडमध्ये खेळून आलेला, हुशार, शांत मुलगा. पहिल्या वर्षी टचडाउन पास १, इंटरसेप्शन ११. लोक स्टेडियममध्ये त्याच्या तोंडावर ओरडायचे. पण त्याला शिकवणारे किती बदलले बघा. २००५ ला माइक मॅकार्थी. २००६ ला नॉर्व्ह टर्नर. २००७ ला जिम हॉस्टलर. २००८ ला माइक मार्ट्झ, ते अख्खं वर्ष दुखापतीत गेलं. २००९ ला जिमी रे. पाच वर्षांत पाच कोऑर्डिनेटर (ऑफेन्सचे कोच)! एकाकडे रूटला नावं, दुसऱ्याकडे आकडे. एकाची पावलं वेगळी, दुसऱ्याची वाचायची दिशा वेगळी. विचार करा, दर जूनमध्ये शाळेचं माध्यम बदललं, यंदा मराठी, पुढच्या वर्षी कानडी, मग गुजराती, आणि दरवर्षी गणिताच्या पेपरात नापास केलं. त्या पोराला गणित येत नाही असं म्हणणार का?

२०११ ला हार्बो मुख्य कोच म्हणून आला, पद्धत एक झाली, १३ जिंकले, ३ हरले. १४ जानेवारी २०१२ ला सेंट्सविरुद्ध नऊ सेकंद उरलेले असताना व्हर्नन डेव्हिसला टचडाउन, ३६-३२. मी तिथे होतो. शेजारचे अनोळखी आजोबा माझ्या गळ्यात पडून रडले. सहा वर्षं थांबलो होतो हो आम्ही.

त्याच गावात कोच बिल वॉल्शचा वेस्ट कोस्ट ऑफेन्स मोठा झाला, पण जन्मला सिनसिनाटीत. तिथल्या बंगाल्सचा जोरदार हाताचा क्वार्टरबॅक ग्रेग कुक खांद्यानं गेला आणि १९७० ला व्हर्जिल कार्टर आला. त्याच्या हातात तेवढा जोर नव्हता, पण अचूक होता. वॉल्शनी त्याच्यासाठी आखूड, ठरल्या पावलावर सुटणारे पास बसवले. आधी मुलाचा हात बघितला आणि मग वही लिहिली. म्हणून विंग-टी की स्प्रेड यावर मी भांडणार नाही. जे द्याल ते हायस्कूलच्याच शब्दांत द्या. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करायला लावू नका.

मुळा_मुठा

+१. मी म्हणूनच विचारलं होतं.

लबकचा_वारा

@कँडलस्टिकची_थंडी, मनापासून लिहिलंत. पण शेवट राहिला. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीत कोच अँडी रीडनं महोम्सला वर्षभर त्याच अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवलं. तयारी कशी करायची, बचाव कसा वाचायचा, ते त्यानं स्मिथकडून बघितलं. २०१८ ला ५० टचडाउन पास आणि एमव्हीपी.

पण वॉल्शचा मुद्दा माझ्याच बाजूनं जातो. लमार जॅक्सन २०१८ मध्ये ३२ वा निवडला गेला. बाल्टिमोरनं त्याला दुसऱ्याच्या साच्यात कोंबलं नाही. २०१९ ला ग्रेग रोमननी सगळा ऑफेन्स त्याच्याभोवती नव्यानं बांधला. १,२०६ यार्ड धावला आणि एमव्हीपी एकमतानं. तुमच्या पोराकडे हात आहे. तो सात पासांवर ठेवणं म्हणजे गाणाऱ्या मुलाला टाळ धरायला बसवणं.

पाचवा_लाइनमन

@लबकचा_वारा, गॉफचं काय मग? क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ कॅलमधून (बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून) आला, तुमच्याच एअर रेडच्या कुळातला. २०१६ ला पहिला निवडला गेला, रॅम्सकडून सात सामने सुरू केले, सातही हरला. पुढच्या वर्षी कोच शॉन मॅकव्हे आला. क्वार्टरबॅक पुन्हा सेंटरपाशी, धावण्याचा जोर, त्यावर प्ले-अ‍ॅक्शन (धावायचा आव आणून पास) आणि बूटलेग. ११ जिंकले, ५ हरले. ब्रँडीवाइनकाठ जे म्हणाले तेच. आधी धावायचा धाक, मग उघडं मैदान.

लबकचा_वारा

२०१६ च्या त्या रॅम्समध्ये कुणीही सात हरला असता. पण मुद्दा मान्य. पुढे आव आणला तर मुलाला वेळ मिळतो, हे खरं.

पहाटेचा_गजर

पुण्याहून लिहितोय. सोमवारी पहाटे पाच पन्नासला संडे नाइटचा सामना लागतो, आई म्हणते परीक्षेला कधी एवढ्या लवकर उठला नाहीस. सिस्टिमचं ज्ञान माझ्याकडे नाही, पण एक सुचवतो. तुमचे प्ले मराठीत ठेवा! समोरच्या बचावाला काय कळणार? फ्लॅट म्हणजे भाकरी, कर्ल म्हणजे जिलबी.

कोथरूड_ते_जर्सी

@पहाटेचा_गजर, निम्मं आधीच झालंय. गार्डनं कुठे पळायचं ते माझा मुलगा "डावा!" "उजवा!" असं ओरडून सांगतो. आमचा सेंटर आयरिश घरातला, तो घरीही आईला मोजे "उजवा" कुठंय असं विचारतो म्हणे.

ब्रँडीवाइनकाठ

जिलबी हे कर्लपेक्षा चांगलं नाव आहे. रिसीव्हर खरोखर तसाच वळतो.

हडसनकर

पावलांबद्दल कुणी बोललं नाही. बफलोच्या क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनची पास पूर्ण होण्याची टक्केवारी २०१८ ला ५२.८, २०१९ ला ५८.८, २०२० ला ६९.२. ब्रायन डॅबोल तिन्ही वर्षं कोऑर्डिनेटर होता, रिसीव्हर स्टेफॉन डिग्जही आला, आणि अ‍ॅलननं स्वतः उन्हाळाभर पावलं आणि हात यांवर काम केलं. कुठलाही ऑफेन्स घ्या, प्रत्येक रूटला एक पाऊल बांधलेलं असू द्या. तिसरं पाऊल टेकलं की बॉल सुटलाच पाहिजे. पाय घड्याळासारखे झाले की डोळे आपोआप पुढे सरकतात. तुमच्या पोराची नजर अडकते याचं अर्धं कारण पायात असणार.

अनघा_शार्लट

बरेच दिवस वाचत होते. आज लिहिते.

माझा मोठा मुलगा क्वार्टरबॅक होता. सातवी, आठवी, नववी, तीन वर्षांत तीन कोच आणि तीन पद्धती. नववीच्या कोचनी मनगटावरच्या पट्टीत ४८ प्लेचं कार्ड दिलं. इतकी बारीक अक्षरं की मी चष्मा लावून वाचायची. एका शुक्रवारी पाऊस पडला, प्लास्टिकच्या आत पाणी गेलं, शाई फुटली. स्टँडमधून मला दिसत होतं, तो मनगट डोळ्यांजवळ नेतोय, लांब नेतोय, हडलमधली (डावाआधी गोल करून उभी) दहा मुलं त्याच्याकडे बघतायत आणि घड्याळ संपतंय. दोनदा दंड झाला. कोच सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, मला खेळ येतो गं. मला फक्त वाचता येत नव्हतं." पुढच्या वर्षी त्यानं खेळणं सोडलं. आता कॉलेजात आहे, आनंदात आहे, पण रविवारी सामना लागला की उठून आत जातो.

तुम्ही सगळे फार जाणकार आहात. पण या १३ वर्षांच्या मुलाला कुणी विचारलं का, की तुला मैदानात काय दिसतं?

स्वानंदी_फ्रीमाँट

अनघाताई, डोळ्यांत पाणी आलं.

कँडलस्टिकची_थंडी

४८ प्ले आणि नववीचं पोर! ताई, चूक त्याची तिळभरही नव्हती. कधी सांगावंसं वाटलं तर त्याला आमच्याकडून सांगा.

कोथरूड_ते_जर्सी

अनघाताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर त्या मुलाला थांबवलं. त्याची आईही होती. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण आणि मार्कर दिला. म्हटलं, तुला आवडणारा प्ले काढ आणि तुला काय दिसतं ते काढ.

त्यानं वॅगल काढला. मला वाटलं होतं चार रिसीव्हर काढेल. आधी उजव्या अर्ध्या मैदानावर फुली मारली, म्हणाला, "इकडे मला बघायचंच नसतं." मग डाव्या बाजूला तीन ठिपके, जवळ, मध्ये, लांब, आणि एक बचावपटू. "हा खाली आला की याच्या डोक्यावरून. हा मागे गेला की फुलबॅकला. मला कळतं कोण ते." मग सरळ मागे जाऊन टाकायचा पास काढायला सांगितला. त्यानं अकरा बचावपटू काढले, सगळे सारख्याच आकाराचे, आणि मार्करचं टोपण लावलं. म्हणाला, "इथे सगळेच असतात."

तीन वर्षांत मी हे विचारलं नव्हतं.

रविवारी बैठकीत मांडलं ते असं. बक स्वीप, ट्रॅप आणि बेली हे धावायचे प्ले राहणार, कारण माझी पाच पोरं ते झोपेतही करतील. वॅगल दोन्ही बाजूंना आणि सामन्यात दोन-तीन वेळा नाही तर आठ-दहा वेळा. शॉटगनमधून चारच पास: स्टिक, स्मॅश, मेश आणि एक आरपीओ, त्यातही बघायचा बचावपटू एकच. चारही हायस्कूलच्या वहीतल्या नावांनी. तिथल्या कोचना फोन केला, त्यांनी दहा मिनिटांत नावं आणि हातांच्या खुणा पाठवल्या, वर म्हणाले की असं विचारणारे तुम्ही पहिलेच. रुंद बाजूला आउट रूट नाही. प्रत्येक पासला पावलं ठरलेली. मनगटाच्या कार्डावर १२ ओळी, ठळक अक्षरांत, लॅमिनेट करून. दोन पालक नाराज आहेत, त्यांना अजून चार रिसीव्हर हवेत. नवे कोच म्हणाले, ऑक्टोबरमध्ये लाइन टिकली तर बघू.

लबकच्या दादा, मेश तुमच्यामुळे आला.

लबकचा_वारा

तो रोज करा. पहिल्या आठवड्यात एकमेकांवर आदळतील, तरी सोडू नका. आणि दोघांपैकी वरून कोण जाणार ते कायमचं ठरवून टाका, नाहीतर रोज तोच घोळ.

पाचवा_लाइनमन

वॅगलला गार्ड बाहेर पडताना पहिलं पाऊल मागे टाकायला शिकवा, नाहीतर फुलबॅकच्या पायात येतात. तुमच्या लेफ्ट गार्डला माझ्याकडून शाबासकी.

पहाटेचा_गजर

आणि जिलबी?

कोथरूड_ते_जर्सी

हायस्कूलच्या वहीत कर्लला त्यांचं वेगळं नाव आहे, ते बदलता येत नाही. पण मंगळवारी सरावात सेंटरनं हडल सुटताना "भाकरी" असं म्हटलं आणि फुलबॅक बरोब्बर फ्लॅटमध्ये गेला. क्वार्टरबॅकनं त्याच्याकडे न बघता आधी लांबच्याकडे बघितलं, मग मान वळवली, मग टाकला. कॉर्नर अजून लांबच्याकडेच धावत होता.